लिनक्स डेस्कटॉपसाठी व्हीपीएन कुठला घ्यावा? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सोसायटीतली कॉलेजची मुलं, हिंजवडीला जाणारे आणि निम्मा आठवडा घरून काम करणारे मित्र, बहिणीचे सासरे, सगळे फिरून फिरून हेच विचारतात. दर वेळी फोनवर तासभर बोलण्यापेक्षा एकदाच नीट लिहून ठेवावं म्हणून बसलोय. मी कोथरूडला राहतो, घरी एक जुना डेस्कटॉप आहे त्यावर डेबियन आणि लॅपटॉपवर फेडोरा (हे लिनक्सचेच वेगवेगळे प्रकार, त्यांना डिस्ट्रो म्हणतात), आणि खालचं बरंचसं या दोन मशीनवर स्वतः करून बघितलेलं आहे. कुठल्याही कंपनीकडून मला एक रुपया मिळत नाही.

व्हीपीएन लावल्यावर नक्की काय बदलतं?

आत्ता तुम्ही कुठल्या साइटवर जाता ते तुमच्या नेटवाल्याला दिसतं. आतला मजकूर नाही दिसत, पण साइटचं नाव दिसतं, कधी गेलात आणि किती डेटा खाल्ला ते दिसतं. व्हीपीएन लावला की नेटवाल्याला फक्त एकाच सर्व्हरकडे जाणारा बंद बोगदा दिसतो, आणि जे आधी त्याला दिसत होतं ते आता व्हीपीएन कंपनीला दिसायला लागतं. म्हणजे भरवसा ठेवायचाच आहे, फक्त कोणावर ठेवायचा ते तुम्ही निवडताय. हे एकदा डोक्यात बसलं की पुढचे निम्मे प्रश्न आपोआप सुटतात, कारण मग तुम्ही "सर्व्हर किती देशांत आहेत" हे विचारत नाही, "ही माणसं कोण आहेत आणि त्यांचं सॉफ्टवेअर मला उघडून बघता येतं का" हे विचारता.

मग मला लागतो का?

खूप जणांना लागत नाही, आणि मी तसं तोंडावर सांगतो. बँकेची साइट, ईमेल, खरेदी, हे सगळं आधीच एचटीटीपीएसवर, म्हणजे कुलूपबंद कनेक्शनवर, चालतं, त्यामुळे एफसी रोडवरच्या कॅफेत बसून केलंत तरी शेजारच्या टेबलावरच्याला तुमचा पासवर्ड वाचता येत नाही. लागतो कोणाला? पीजीत किंवा हॉस्टेलवर राहणाऱ्याला, जिथे वायफाय मालकाचं आणि राउटरचा पासवर्ड कोणाकोणाकडे आहे देव जाणे. पत्रकारिता, वकिली, सामाजिक काम करणाऱ्यांना. आणि ज्याला आपण काय वाचतो ते केबलवाल्याला कळू नये असं मनापासून वाटतं त्याला, आणि असं वाटायला काही लपवायचं असायला लागत नाही, घराला पडदे सगळेच लावतात.

व्हीपीएनने तुम्ही अदृश्य होत नाही हेही लक्षात ठेवा. गुगलला लॉगिन केलेलं असेल तर गुगलला तुम्ही कोण ते माहितीच आहे, आयपी, म्हणजे नेटवरचा पत्ता, सिंगापूरचा दिसला म्हणून काय झालं. ज्याला खरंच ओळख लपवायची गरज आहे त्याने टॉर ब्राउझरबद्दल वाचावं, ती वेगळी गोष्ट आहे.

भारतात हे कायदेशीर आहे ना?

हो. व्हीपीएन वापरणं हा गुन्हा नाही. व्हीपीएन लावून केलेला गुन्हा मात्र गुन्हाच राहतो. जम्मू-काश्मीरच्या काही जिल्ह्यांत २०२५ मध्ये जिल्हाधिकाऱ्यांनी तात्पुरती बंदी घातली होती, तिकडे फिरायला जाणाऱ्यांनी तेवढं बघून जावं.

पण एक नियम सगळ्यांना माहिती पाहिजे. २८ एप्रिल २०२२ ला सर्ट-इनने, म्हणजे केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेने, आयटी कायद्याच्या कलम ७०ब खाली निर्देश काढले. त्यात व्हीपीएन कंपन्या, डेटा सेंटरवाले आणि भाड्याने सर्व्हर देणारे यांनी ग्राहकाचं खरं नाव, पत्ता, फोन, ईमेल, दिलेले आयपी, सेवा कशासाठी घेतली ते कारण, हे सगळं नोंदवायचं आणि ग्राहक सोडून गेल्यावरही ५ वर्षं ठेवायचं असं आहे. आधी २८ जूनपासून लागू होणार होतं, मग मुदत २५ सप्टेंबर २०२२ पर्यंत गेली. ऑफिसच्या अंतर्गत व्हीपीएनला यातून वगळलंय. याचा परिणाम असा झाला की एक्स्प्रेसव्हीपीएन, सर्फशार्क, नॉर्डव्हीपीएन, प्रोटॉन या सगळ्यांनी त्याच वर्षी आपले भारतातले सर्व्हर काढून घेतले.

पण यादीत तर "इंडिया" अजून दिसतं की!

दिसतं, पण ती मशीन भारतात नाहीयेत. आयपी भारताचा म्हणून नोंदवलेला असतो आणि पेटी सिंगापूरला किंवा लंडनला असते, याला व्हर्च्युअल लोकेशन म्हणतात. चांगल्या कंपन्या तसं स्पष्ट लिहितात. म्हणजे पुण्यातून निघालेलं पॅकेट सिंगापूरला जाऊन मुंबईच्या साइटवर परत येणार, त्यामुळे थोडं हळू वाटलं तर तुमचं मशीन बिघडलेलं नाही. परदेशी साइट्ससाठी मी सरळ सिंगापूर निवडतो, आपल्याला अंतराने तेच बरं पडतं.

लिनक्ससाठी निवडताना वेगळं काय बघायचं?

हा खरा प्रश्न आहे, आणि इथेच लोक फसतात, कारण जाहिरातीत पेंग्विनचं चित्र असतं म्हणजे लिनक्सवर चालतं असं धरून चालतात. मी चार गोष्टी बघतो, याच क्रमाने.

सगळ्यात आधी, ही कंपनी साधी वायरगार्ड कॉन्फिग फाइल देते का (वायरगार्ड ही बोगदा बांधायची एक पद्धत, कॉन्फिग फाइल म्हणजे तिच्या सेटिंगची फाइल). म्हणजे त्यांच्या साइटवर लॉगिन करायचं, सर्व्हर निवडायचा आणि दहाबारा ओळींची एक टेक्स्ट फाइल डाउनलोड करायची. ही फाइल मिळत असेल तर तुम्ही त्यांच्या ॲपचे बांधील नाही. उद्या त्यांचं ॲप तुमच्या डिस्ट्रोच्या नव्या व्हर्जनवर चाललं नाही, परवा तुम्ही मिंट सोडून आर्चवर गेलात, तरी ती फाइल चालतेच, कारण ती चालवणारा भाग तुमच्या कर्नलमध्येच, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यातच, आहे. माझ्या मते बाकी सगळं जमलं आणि हे जमलं नाही तर ती सेवा लिनक्सवाल्याने घेऊ नये.

दुसरं, ॲप असेल तर त्याचा सोर्स कोड खुला आहे का. तिसरं, इन्स्टॉल कसं करायला सांगतात. सही केलेली रिपॉझिटरी असेल, म्हणजे ॲप्ट किंवा डीएनएफ या इन्स्टॉलच्या कमांडने बाकीच्या सिस्टिमबरोबर अपडेट येणार असेल, तर उत्तम. "ही एक ओळ टर्मिनलमध्ये चिकटवा" आणि ती ओळ इंटरनेटवरून स्क्रिप्ट उचलून सुडोने थेट चालवणार असेल तर निदान ती स्क्रिप्ट आधी उतरवून वाचा, कारण सुडो म्हणजे रूटचे, मशीनच्या मालकाचे, हक्क आणि ते हक्क म्हणजे घराची किल्ली. चौथं, किल स्विच (व्हीपीएन पडला की नेट अडवणारी सोय) आणि आयपीव्ही६ (नव्या पद्धतीचे आयपी) हे लिनक्सवरही चालतं का, कारण विंडोजच्या ॲपमध्ये असलेल्या निम्म्या सोयी लिनक्सच्या ॲपमध्ये नाहीत असं बऱ्याचदा होतं. खरेदीच्या पानावर ते कोणी सांगत नाही, मदतीच्या पानावर आत कुठेतरी लिहिलेलं असतं.

आणि ब्राउझर एक्स्टेंशनला व्हीपीएन समजू नका. ते फक्त ब्राउझरपुरतं असतं. टर्मिनल, ईमेल क्लायंट, टोरंट, अपडेट, सगळं उघड्यावरून जात राहतं.

वायरगार्ड की ओपनव्हीपीएन?

वायरगार्ड. जेसन डोनेनफेल्डने लिहिलं, आणि मार्च २०२० मध्ये कर्नल ५.६ पासून ते लिनक्सच्या आतच आलं. मूळ कोड साधारण ४,००० ओळींचा, म्हणजे जाणकार माणूस बसून अख्खा वाचू शकतो. आधी ते वेगळं मॉड्यूल म्हणून लावायला लागायचं आणि सिक्युअर बूट चालू असलं की डोक्याला ताप व्हायचा, आता तो विषयच संपला. लॅपटॉपचं झाकण बंद केलं, घरच्या वायफायवरून मोबाइलच्या हॉटस्पॉटवर गेलो, तरी कनेक्शन गुपचूप पुढे चालू राहतं.

ओपनव्हीपीएन २००१ पासूनचं आहे, भरवशाचं आहे, पण हळू. त्याची गरज एकाच ठिकाणी पडते. वायरगार्ड फक्त यूडीपीवर (पॅकेट पाठवायच्या मुख्य दोन पद्धतींपैकी एक, दुसरी टीसीपी) चालतं, आणि काही कॉलेजांच्या, काही ऑफिसांच्या नेटवर्कवर यूडीपी अडवलेलं असतं. तिथे ओपनव्हीपीएन टीसीपीच्या ४४३ पोर्टवरून काढता येतं, जिथून नेहमीचं वेब ट्रॅफिक जातं. त्यामुळे हॉस्टेलच्या मुलांनी घेण्याआधी आपल्या कंपनीकडे असा काही पर्याय शिल्लक आहे का ते बघावं, कारण मुलवाडसारख्या काहींनी ओपनव्हीपीएन बंद करून पूर्ण वायरगार्डच ठेवलंय, ते वायरगार्डच दुसऱ्या वेषात पाठवायच्या युक्त्या ॲपमध्ये देतात.

पीपीटीपी ही जुनी पद्धत कोणी अजून देत असेल तर हात जोडून परत पाठवा. तिची सुरक्षा केव्हाच मोडलीय.

नावं सांगा ना सरळ!

सांगतो, पण ही माझी निवड आहे.

मुलवाड, स्वीडनची, २००९ पासून. महिन्याला ५ युरो, एक महिना घ्या नाहीतर वर्षभर, भाव तोच, सेल नाही, ऑफर नाही. अकाउंट म्हणजे १६ आकडी नंबर, ईमेलसुद्धा मागत नाहीत. लिनक्सचं ॲप खुलं आहे आणि विंडोजच्या ॲपच्या तोडीचं आहे, वायरगार्ड फाइल मिळते, ५ डिव्हाइस चालतात. एप्रिल २०२३ मध्ये स्वीडिश पोलीस वॉरंट घेऊन त्यांच्या ऑफिसात आले होते आणि ग्राहकांची माहितीच नसल्यामुळे काही न घेता परत गेले, ही गोष्ट कंपनीने स्वतः जाहीर केली. मी हेच वापरतो. उणं काय, तर सर्व्हरची यादी छोटी आहे, पोर्ट फॉरवर्डिंग (बाहेरून तुमच्या मशीनवर यायची वाट) २०२३ मध्ये बंद केलं, आणि सिनेमा-मालिकांच्या साइट्सवर आम्ही चालूच असं ते वचन देत नाहीत.

प्रोटॉन व्हीपीएन, स्वित्झर्लंडची. फुकटच्या प्लॅनला डेटाची मर्यादा नाही, एका डिव्हाइसवर चालतो, सर्व्हर निवडायला मिळत नाही इतकंच. लिनक्सचं ॲप खुलं आहे, आणि डेबियन, उबुंटू, फेडोरावर रिपॉझिटरीतून येतं. ज्याला आत्ता पैसे घालायचे नाहीत त्याला मी डोळे मिटून हेच सांगतो.

आयव्हीपीएन, जिब्राल्टरची, मुलवाडच्याच जातकुळीतली, खुलं ॲप, छोटी कंपनी. नॉर्डव्हीपीएन मोठी आहे, सर्व्हर भरपूर, लिनक्सचं ॲप २०२३ मध्ये खुलं केलं, वेगही चांगला, पण साधी वायरगार्ड फाइल सरळ हातात मिळत नाही, आणि माझी पहिली अट तीच असल्यामुळे ती माझ्या यादीत खाली जाते. फिनलंडमधल्या त्यांच्या एका भाड्याच्या सर्व्हरमध्ये २०१८ मध्ये घुसखोरी झाली होती आणि ते २०१९ च्या ऑक्टोबरात जगाला कळलं, हेही माहिती असू द्या.

फुकटचे बाकीचे?

नको. सर्व्हरला आणि बँडविड्थला पैसे लागतात, ते कोणीतरी भरतंच. फेसबुकने ओनावो नावाची कंपनी २०१३ मध्ये घेतली, तिचं फुकट व्हीपीएन ॲप लोकांनी सुरक्षेसाठी म्हणून टाकलं, आणि लोक कुठली ॲप्स किती वापरतात ते त्यातून फेसबुक बघत होतं. २०१९ मध्ये ते बंद झालं. नेटवाल्यापासून लपायला जाऊन असल्याच्या हातात सापडायचं म्हणजे आगीतून फुफाट्यात. फुकटच हवा तर ज्यांचा पैसे देणारा ग्राहक वेगळा आहे आणि फुकटचा प्लॅन त्याच्या जिवावर चालतो असाच घ्या.

"टॉप टेन व्हीपीएन" अशा याद्या बघून ठरवू का?

त्या याद्यांमधल्या लिंकवरून तुम्ही विकत घेतलंत की लिहिणाऱ्याला कमिशन मिळतं, आणि ते कमिशन लहानसहान नसतं. त्याहून पुढची गोष्ट, केप टेक्नॉलॉजीज नावाच्या कंपनीकडे सायबरघोस्ट आणि प्रायव्हेट इंटरनेट ॲक्सेस हे व्हीपीएन आधीच होते, २०२१ मध्ये त्यांनी एक्स्प्रेसव्हीपीएन ९३.६ कोटी डॉलरला घेतला, आणि त्याच वर्षी व्हीपीएनमेंटर ही व्हीपीएनचं परीक्षण करणारी साइट चालवणारी कंपनीही विकत घेतली. म्हणजे परीक्षक आणि उमेदवार एकाच घरचे. मुलवाडसारखे कमिशन देतच नाहीत, म्हणून ते या याद्यांत वर दिसत नाहीत.

त्यापेक्षा ओळखीच्या लिनक्सवाल्याला विचारा. पुण्यात लिनक्स युजर्स ग्रुप आहे, तिथली मंडळी मदत करतात आणि कोणाला काही विकायचं नसतं.

"नो लॉग" म्हणतात ते खरं कसं मानायचं?

नुसत्या शब्दावर मानू नका. प्युअरव्हीपीएन नोंदी ठेवत नाही असं सांगायचा, आणि २०१७ मध्ये अमेरिकेत एका छळवणुकीच्या केसमध्ये त्यांच्याच नोंदींवरून एफबीआय आरोपीपर्यंत पोचली. आरोपी पकडला गेला ते चांगलंच झालं, पण जाहिरात आणि वस्तुस्थिती यातलं अंतर त्यातून दिसलं. मी हे बघतो: बाहेरच्या संस्थेकडून ऑडिट झालंय का आणि तो अहवाल अख्खा वाचायला ठेवलाय का, सर्व्हर डिस्कशिवाय नुसत्या रॅमवर चालतात का, आणि कधी पोलीस दारात आले तेव्हा प्रत्यक्ष काय झालं. ऑडिट म्हणजे त्या दिवशीचा फोटो असतो, तोही दरवर्षी नवा काढलेला हवा.

ॲप टाकू की नेटवर्क मॅनेजरमधूनच चालवू?

नवीन असाल तर ॲप. किल स्विच, सर्व्हर बदलणं, सगळं बटणावर असतं.

मी नेटवर्क मॅनेजर, म्हणजे लिनक्समधलं नेट जोडायचं नेहमीचं साधन, वापरतो. उबुंटू, फेडोरा, मिंट सगळ्यांत तो असतोच, आणि १.१६ व्हर्जनपासून, म्हणजे २०१९ पासून, त्याला वायरगार्ड येतं. कंपनीच्या साइटवरून फाइल घ्यायची, एनएमसीएलआय कमांडने इम्पोर्ट करायची, झालं. दोन ठिकाणी हमखास अडतं. एक, फाइलच्या नावावरूनच इंटरफेसचं, म्हणजे त्या जोडणीचं, नाव ठरतं आणि ते १५ अक्षरांपेक्षा मोठं चालत नाही, साइटवरून मात्र शहर, देश, नंबर जोडलेलं लांबलचक नाव येतं, मग इम्पोर्ट नाही म्हणतं आणि माणूस तासभर फाइलच्या आत चूक शोधत बसतो. नाव बदलून चारपाच अक्षरांचं करा. दुसरं, इम्पोर्ट केल्या केल्या ते आपोआप चालू होतं आणि प्रत्येक बूटला चालू होत राहतं, नको असेल तर ऑटोकनेक्ट बंद करा.

त्या फाइलमध्ये तुमची प्रायव्हेट की, म्हणजे बोगद्याची गुप्त किल्ली, असते. ती व्हॉट्सॲपवर पाठवू नका, आणि परवानगी फक्त रूटला वाचता येईल अशी ठेवा.

किल स्विच खरंच लागतो का?

पुण्यात राहत असाल तर हे तुम्हाला गुरुवारी, म्हणजे इथल्या दुरुस्तीसाठी लाइट जाण्याच्या वारी, कळेल. गुरुवारी सकाळी लाइट गेली, राउटर बंद पडला, लॅपटॉप बॅटरीवर चालूच आहे, त्याला मोबाइलचा हॉटस्पॉट ओळखीचा आहे म्हणून तो आपणहून तिकडे गेला. या धावपळीत व्हीपीएन पडला असेल आणि किल स्विच नसेल तर उघडे असलेले सगळे टॅब, मागे चाललेलं सिंक, सगळं उघड्या कनेक्शनवरून जायला लागतं आणि स्क्रीनवर काहीच वेगळं दिसत नाही. किल स्विच म्हणजे फायरवॉलला दिलेला नियम, की बोगद्यातून जात नसेल तर जाऊच देऊ नको. ॲपमध्ये असेल तर चालू करा, आणि एकदा मुद्दाम राउटरची पिन काढून तपासा. वायरगार्डच्या डब्ल्यूजी-क्विक या कमांडच्या मॅन पेजमध्ये (टर्मिनलमधल्या मदतीच्या पानात) हा नियम तयार दिलेला आहे, तोच कॉन्फिग फाइलमध्ये टाकायचा.

गळती होतेय का ते कसं बघू?

कनेक्ट झाल्यावर मुलवाडचं तपासणीचं पान किंवा आयपीलीक डॉट नेट उघडा. आयपी बदललेला दिसला म्हणून थांबू नका, खाली डीएनएस (साइटच्या नावावरून तिचा आयपी शोधून देणारा सर्व्हर) बघा. तिथे तुमच्या नेटवाल्याचं नाव दिसलं तर साइटची नावं अजून त्यालाच विचारली जातायत. टर्मिनलमध्ये रिझॉल्व्हसीटीएल स्टेटस करून कुठल्या इंटरफेसला कुठला डीएनएस लागलाय ते दिसतं.

आणि आयपीव्ही६. जिओ, एअरटेल दोन्हीकडे आयपीव्ही६ सर्रास मिळतं, त्यामुळे आपल्याकडे ही गळती नेहमीची आहे. कॉन्फिगमध्ये ज्या ओळीत कुठले आयपी बोगद्यातून जाणार ते लिहिलंय तिथे फक्त आयपीव्ही४ चं सगळं असेल आणि आयपीव्ही६ चं नसेल, तर निम्मं ट्रॅफिक सरळ बाहेरून जातं. फाइल उघडून ती ओळ डोळ्यांनी बघा.

मे २०२४ मध्ये टनेलव्हिजन नावाची त्रुटी जाहीर झाली तीही इथेच सांगतो. ज्याच्या हातात वायफाय आहे तो डीएचसीपीच्या (मशीनला आयपी वाटणाऱ्या सोयीच्या) १२१ क्रमांकाच्या ऑप्शनमधून तुमच्या मशीनला स्वतःचे रस्ते देऊ शकतो आणि ट्रॅफिक बोगद्याबाहेर ओढू शकतो, आणि व्हीपीएन मात्र जोडलेलाच दिसतो. वर सांगितलेला फायरवॉलचा नियम असेल तर ते ट्रॅफिक बाहेर जाण्याऐवजी अडतं. लिनक्सवर नेटवर्क नेमस्पेस (मशीनच्या आतच वेगळं केलेलं नेटवर्क) वापरून हे मुळापासून बंद करता येतं, पण ते ज्याला टर्मिनलची सवय आहे त्यानेच करावं.

कनेक्ट होतं, पण काही साइट्स नुसत्या फिरत बसतात. का?

एमटीयू, म्हणजे एका पॅकेटचा कमाल आकार. माझ्या मेहुण्याकडे धायरीला हा घोळ आठवडाभर चालला होता, पिंग जात होता, गुगल उघडत होतं, आणि त्याच्या कामाची एकच साइट पांढरी होऊन बसायची. वायरगार्ड प्रत्येक पॅकेटला स्वतःचं वेष्टण लावतं म्हणून नेहमीच्या १५०० मधून ८० बाइट सोडून १४२० चं पॅकेट धरतं. खालची लाइन त्याहून अरुंद असली की मोठी पॅकेट वाटेतच टाकली जातात आणि छोटी जातात. कॉन्फिगमध्ये एमटीयू १२८० करून बघितलं, आणि साइट लगेच उघडली. कंपनी बदलण्याआधी हे करून बघा.

लाइट जाऊन आली की डेस्कटॉपवर व्हीपीएन जोडतच नाही.

घड्याळ बघा! हे शोधायला मला दोन रविवार लागले म्हणून सविस्तर लिहितो. वायरगार्ड जोडताना पाठवलेल्या पहिल्या निरोपात वेळेचा शिक्का असतो, आणि आधीच्या शिक्क्यापेक्षा जुना शिक्का आला तर सर्व्हर तो गुपचूप टाकून देतो, कोणी जुनी पॅकेट परत पाठवून फसवू नये म्हणून. माझ्या डेस्कटॉपच्या मदरबोर्डवरचा सेल संपला होता, वीज गेली की घड्याळ कित्येक वर्षं मागे जायचं. एरवी नेटवरून वेळ आपोआप दुरुस्त होते, पण किल स्विच चालू, म्हणजे व्हीपीएन जोडल्याशिवाय नेट नाही आणि वेळ बरोबर झाल्याशिवाय व्हीपीएन नाही. कुठेच एरर दिसत नाही. तपकीर गल्लीतून सीआर२०३२ चा सेल आणून बसवला, तेव्हापासून एकदाही झालं नाही.

बँकेची आणि सरकारी साइट उघडत नाही.

बऱ्याच सरकारी साइट्स आणि काही सहकारी बँका परदेशी आयपी आलाच की दार लावतात. तेवढ्यापुरता व्हीपीएन बंद करा, ते काम तसंही तुमच्या खऱ्या नावानेच होतंय. ॲपमध्ये स्प्लिट टनेलिंग (काही प्रोग्रॅम बोगद्याबाहेर ठेवायची सोय) असेल तर एक वेगळा ब्राउझर त्यातून वगळून ठेवा आणि सातबारा, आयकर, बँक सगळं त्यातच करा, सोपं पडतं.

ऑफिसचा व्हीपीएन लिनक्सवर चालेल का?

बहुतेक चालतो. ओपनकनेक्ट हे खुलं सॉफ्टवेअर सिस्कोचं एनीकनेक्ट, ग्लोबलप्रोटेक्ट, पल्स, फोर्टिनेट या सगळ्यांशी बोलतं आणि नेटवर्क मॅनेजरमध्ये त्याचं प्लगइन मिळतं. आयटीवाल्यांना आधी विचारा, काही ठिकाणी परवानगी नसते. ऑफिसचा आणि घरचा असे दोन व्हीपीएन एकाच वेळी लावू नका, ट्रॅफिकचे रस्ते एकमेकांत अडकतात.

स्वतःचा सर्व्हर भाड्याने घेऊन वायरगार्ड लावला तर?

शिकायला फार छान, मी करून बघितलंय. पण त्या आयपीवर तुम्ही एकटेच असता, गर्दीत मिसळणं नाही, आणि भाड्याने सर्व्हर देणाऱ्याकडे तुमचं नाव आणि कार्ड असतंच, भारतातला असेल तर वरचे सर्ट-इनचे नियम त्यालाही आहेत. बाहेरून घरच्या मशीनवर यायचं असेल तर मात्र हाच रस्ता. आपल्याकडे नेटवाले एकच आयपी शेकडो घरांत वाटतात म्हणून बाहेरून सरळ आत येता येत नाही, तिथे टेलस्केल हे ॲप वापरा, आतून तेही वायरगार्डच आहे.

पैसे कसे भरायचे?

कार्डावर परदेशी व्यवहार चालू करून घ्या, बँकेच्या ॲपमध्ये तो बंदच असतो. परकीय चलनाचं शुल्क बँक वेगळं लावते, आणि बऱ्याच कंपन्या बिलात १८ टक्के जीएसटी धरतात, म्हणजे ५ युरोचे हिशोबापेक्षा थोडे जास्तच जातात. १ ऑक्टोबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमांमुळे दर महिन्याचं आपोआप कापणं परदेशी साइट्सवर अडतं, तेव्हा मुदत संपायच्या आधी हाताने भरा. आणि दोनतीन वर्षांचा स्वस्त प्लॅन पहिल्याच दिवशी घेऊ नका. एक महिना घ्या, आपल्या मशीनवर, आपल्या नेटवर, एक गुरुवार धरून वापरून बघा.

एकच कॉन्फिग फाइल दोन लॅपटॉपवर चालते का?

चालल्यासारखी वाटते. सर्व्हरला दोन्ही मशीन एकच वाटतात आणि ज्याचं शेवटचं पॅकेट आलं त्याच्याकडे तो उत्तरं पाठवतो, त्यामुळे दोघांचं नेट दर काही सेकंदांनी आळीपाळीने थांबतं. आमच्याकडे मुलीचा ऑनलाइन क्लास आणि माझं काम यात हेच होत होतं, आणि दोघंही वायफायला दोष देत होतो. साइटवर जाऊन प्रत्येक मशीनसाठी वेगळी की बनवा, दोन मिनिटांचं काम आहे.